ना-हरकत एका सहीची, हरकत अर्ध्या गावाची



मागे एका गावात कापसाच्या चुकाऱ्यांविषयी बैठक होती. जागा नेहमीची, मारुतीच्या पारावरची. वेळ रात्री साडेआठची, कारण वेचणी आणि चूल आटोपून बाया आल्याशिवाय आपली बैठक सुरू होत नाही. त्या दिवशी बैठक सुरू झाली आणि पाच मिनिटांत बंद पडली. पारापासून हाकेच्या अंतरावर नवा बिअर बार झाला आहे. त्याच्या दारावर दोन भोंगे टांगलेले. बोलणाऱ्याचे शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचेनात. दोघेजण आवाज कमी करा म्हणून सांगायला गेले आणि शिव्या खाऊन परत आले. शेवटी बैठक शाळेच्या मागे नेली आणि कशीबशी उरकली.

निघताना एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमी तं आता फटफटीवर बसून निंगून जासान. आमाले इथंच झोपा लागते. याले लायसन कोणं देल्लं, तेवढं तरी सांगा."

मला उत्तर देता आले नाही. पुढे विचारपूस केली तेव्हा समजले की अर्जाला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला जोडलेला होता. तो कोणत्या सभेत मंजूर झाला, सभेला कोण हजर होते, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या गल्लीच्या दाराशी बार उघडला त्या गल्लीला कोणी विचारले नव्हते. आजचा लेख त्या म्हातारीच्या प्रश्नासाठी आहे.

परवाना कोणाचा, त्रास कोणाचा

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. कोणी दारू प्यावी की पिऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. शहाण्या माणसाने आपल्या पैशाने, आपल्या घरात काय करावे हे सांगायला आपण कीर्तनकार नाही. विषय आहे दुकानाचा. दुकान कोणाच्या दारासमोर उघडायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आहे.

दारूचा कायदा राज्याचा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नाव दारूबंदीचे, पण परवाने द्यायचे ते याच कायद्याखाली. परवाना देणारे कार्यालय जिल्ह्याच्या गावी, नाही तर मुंबईला. परवान्याची फी आणि उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत. गावाच्या वाट्याला काय येते? रात्रीचा गोंगाट, बाजाराच्या दिवशी रस्त्यात पडलेली माणसे, अंधार पडल्यावर नळावर जायला घाबरणाऱ्या पोरी आणि चुकाऱ्यातून घरी न पोचलेल्या नोटा. नफा एका ठिकाणी आणि नुकसान दुसऱ्या ठिकाणी असा हिशेब मांडला की निर्णय नेहमी नफ्याच्या बाजूने होतो. कापसाच्या बाबतीत हे आपण जन्मभर पाहिले आहे, दारूच्या बाबतीत वेगळे का होईल?

पाचशे मीटरची गोष्ट

आपल्या अनेक गावांत दुकान आत कसे आले, ते आठवा. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. कारण योग्य होते. रस्त्यावर माणसे मरत होती. १ एप्रिल २०१७ पासून दुकाने हलवायची वेळ आली. त्याच्या आदल्याच दिवशी, ३१ मार्चला, २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटरवर आणले गेले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना बंदी लागू नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायत हद्दीतल्या भागांचा निर्णयही राज्य सरकारांवर सोपवला गेला.

म्हणजे सव्वा वर्षाच्या आत नियम आवळला गेला आणि सैलही झाला. पण मधल्या काळात रस्त्यावरचे जे दुकान उठले ते नाहीसे झाले नाही. ते २२० मीटर किंवा ५०० मीटर आत सरकले. हमरस्त्यापासून आत सरकले म्हणजे कुठे? आपल्या वस्तीत. कुठे शाळेच्या वाटेवर, कुठे एसटी स्टँडच्या मागे, तर कुठे बाया धुणे नेतात त्या नाल्याजवळ. मोटारीतून जाणाऱ्याच्या जिवाचा विचार दिल्लीत झाला, हे चांगलेच झाले. दुकान जिथे सरकणार तिथल्या माणसाचा विचार कोणत्या टेबलावर झाला?

दुकान असे फिरते ठेवणारी आणखी एक गोष्ट आहे. देशी दारूच्या आणि वाइन शॉपच्या दुकानांना नवे परवाने देणे राज्याने १९७० च्या दशकात थांबवले. ऐकायला बरे वाटते. पण संख्या गोठवली की जुना परवाना सोन्याच्या भावाचा होतो. तो मग विकला जातो, एका गावातून उचलून दुसऱ्या गावात नेला जातो. लायसन्स-परमिटच्या राज्याचा अनुभव आपल्याला नवा नाही.

आडव्या बाटलीचे गणित

गावाला काहीच अधिकार नाही असे मात्र नाही. २५ मार्च २००८ च्या सरकारी आदेशाने गावाला किंवा शहरातल्या वॉर्डाला मतदान करून दुकान बंद करता येते. एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी सही करून मागणी करायची. उत्पादन शुल्क खाते सह्यांची पडताळणी करते. मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. या आदेशाच्या जोरावर महाराष्ट्रात अनेक गावांच्या बायांनी दुकाने बंद केली आहेत. ज्यांनी केली त्यांचे कौतुक आहेच. पण या आदेशात एक मेख आहे, ती प्रत्येक सभेत फळ्यावर लिहून समजून घ्या.

दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या निम्म्यापेक्षा जास्त मते पुरत नाहीत. यादीत जेवढी नावे आहेत त्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

समजा, गावात ९०० महिला मतदार आहेत. सह्या हव्यात २२५. दुकान बंद व्हायला मते हवीत ४५१. मतदानाच्या दिवशी ६०० बाया आल्या. गावच्या मानाने हे मतदान चांगलेच म्हणायचे. त्यांतल्या ४३० जणींनी आडवी बाटली केली, १७० जणींनी उभी. आलेल्या दर १०० बायांपैकी जवळपास ७२ जणी बंद करा म्हणाल्या. निकाल काय? दुकान चालू. ४५१ ला २१ मते कमी पडली.

न आलेल्या ३०० जणी कोण? काही ऊसतोडीला गेलेल्या. काही लग्न होऊन सासरी गेल्या, पण नाव माहेरच्या यादीत राहिले. काही शहरात कामाला. काही तर वारलेल्या. आणि काही घरातच होत्या, पण नवऱ्याने किंवा दुकानवाल्याच्या माणसाने उंबरा ओलांडू दिला नाही. या आदेशाच्या हिशेबात ही सगळी मते दुकानाच्या पारड्यात पडतात. आमदार-खासदाराच्या निवडणुकीत मेलेल्या माणसाने मत दिले तर आपण ओरड करतो. इथे मेलेल्या बाईचे मत दरवेळी उभ्या बाटलीला जाते, आणि तेही कायदेशीर. दुकानवाल्याला कोणाचे मन वळवायची गरज नाही. बाया घरी राहिल्या की त्याचे काम झाले.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. दुकान उघडायला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, त्यावर एखाद-दोन सह्या, तोही पुष्कळदा गावाच्या पाठीमागे. दुकान बंद करायला अर्जासाठी शेकडो सह्या, पडताळणी, मतदान आणि यादीतल्या निम्म्यापेक्षा जास्त नावांची मते. ना-हरकत एका सहीची आणि हरकत अर्ध्या गावाची. हा न्याय उलटा झाला पाहिजे. उघडणाऱ्याने आधी गावाची संमती मिळवावी. बंद करणाऱ्यांवर एवढे ओझे असू नये.

ही मागणी हवेतली नाही. आदिवासी भागांसाठी १९९६ चा पेसा कायदा आहे. त्यात दारूची विक्री रोखण्याचा आणि तिचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा असे म्हटले आहे. यवतमाळ, नांदेड, अमरावती जिल्ह्यांच्या अनुसूचित भागांतली गावे आपल्या शेजारचीच आहेत. शहरांचेही पहा. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान उघडायला सोसायटीची ना-हरकत लागेल. चांगलेच आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दुकान उघडण्याआधी विचारायचे, मग मातीच्या घरात राहणाऱ्याला का नाही?

दहाच्या पुढचा आवाज

दारूच्या दुकानाची लढाई लांबते. आवाजाची लढाई आज रात्रीपासून करता येते. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम देशभर लागू आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही आवाजाची मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात भोंगा वाजवायचा नाही. बंद सभागृहाला सवलत आहे, पण दारावर टांगलेला भोंगा म्हणजे सभागृह नव्हे. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये हे नियम उचलून धरले.

तक्रार घेऊन गेले की ठाण्यात विचारतात, आवाज मोजलात का? डेसिबल मोजायचे यंत्र आपल्याकडे नसते. पण दहा वाजले हे सांगायला भिंतीवरचे घड्याळ पुरे. दहानंतर उघड्यावर भोंगा वाजतो आहे, एवढेच लेखी द्या आणि पोच घ्या.

झोप ही चैनीची गोष्ट नाही. वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे चारला उठते, भाकरी थापते आणि दिवस वर येण्याआधी वावरात असते. ओलिताची वीज पुष्कळ ठिकाणी रात्रीची येते, तेव्हा गड्याला तुकड्या-तुकड्यानेच झोपावे लागते. अशा घराची चार तासांची झोप गेली तर दुसऱ्या दिवशीची मजुरी गेली. पोराचा दहावीचा अभ्यास गेला तर त्याची वावरातून सुटायची वाटच गेली.

इथे आपल्यालाही आरसा पाहिला पाहिजे. आपल्या लग्नांच्या वरातीत डीजे वाजतो. गणपतीत, जयंतीला, निवडणुकीत वाजतो. आपल्या सभाही साडेदहा-अकरापर्यंत भोंग्यावर चालल्या आहेत. ज्याला दुसऱ्याचा भोंगा बंद करायचा आहे त्याने आधी स्वतःचा बंद करावा. या अंकापासून ठरवू या की आपल्या सभेचा भोंगा दहाच्या ठोक्याला बंद. मुद्दा उरला तर तोंडाने बोलू.

वरून आलेले वरूनच जाते

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, सगळ्या राज्यातच बंदी करा. अनुभव काय सांगतो ते पहा. आंध्रात नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या साक्षरतेच्या वर्गातल्या बायांनी १९९२ मध्ये अरकाविरुद्ध लढा सुरू केला. तो राज्यभर पसरला. १९९३ मध्ये अरक बंद झाला, १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये ती उठली, कारण तिजोरी रिकामी झाली होती. आपल्या चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षे लढून १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आणली. २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या टेबलावर झाला. बेकायदा दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण दिले गेले. ते कारण खोटे नव्हते. पण उठवताना गावागावांत मतपेटी फिरली नाही.

निर्णयाची किल्ली मुंबईला असेल तर मुंबई दार उघडते आणि मुंबईच बंद करते. गावाने स्वतः मोजून घेतलेला निर्णय मोडायला मात्र परत गावातच यावे लागते. म्हणून आपली मागणी राज्यभर बंदीची नाही. गावाच्या हाती निर्णय द्या, ही आहे. आणि दुकान बंद झाले की काम संपले असेही समजू नका. मागच्या दाराने हातभट्टी आणि पिशव्या येतात. पीक उगवून आले की निंदण सोडून देणारा शेतकरी सुगीला हात चोळतो. तसेच हे आहे.

व्यापाराच्या स्वातंत्र्याचे धडे

दुकानवाले आपल्याला टोमणा मारतात की तुम्ही तर व्यापाराच्या स्वातंत्र्यासाठी भांडता, मग आमच्या धंद्यावर का उठता? उत्तर सोपे आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात आपला कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर गुन्हा होता. त्या कापसाच्या गाठीने कोणाची झोप उडवली नव्हती. दारूचा परवाना म्हणजे मोकळा व्यापार नव्हे. सरकारने मोजक्या लोकांना दिलेली ती मेहेरबानी आहे. कोण विकणार हे सरकार ठरवते, तर कुठे विकायचे यात शेजाऱ्याचा शब्द असलाच पाहिजे.

आणि कृपा करून शेतकऱ्याचे नाव पुढे करू नका. २००७ मध्ये ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदानाचे धोरण आले, तेव्हा काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असे सांगितले होते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटसारख्या मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याची घोषणा झाली, तीही शेतकऱ्याच्याच नावाने. ज्वारीचा पेरा या राज्यात वर्षानुवर्षे घटतच गेला. अनुदान कारखान्याला आणि नाव आमचे, असा तो व्यवहार होता.

सभेत काय ठरवायचे

जिल्हा सभेत तीन मागण्यांचा ठराव घ्यायचा आहे. पहिली: दारूचा कोणताही परवाना देताना किंवा दुसऱ्या जागी हलवताना आधी महिलांच्या ग्रामसभेची आणि पूर्ण ग्रामसभेची संमती हवी. नुसता ग्रामपंचायतीचा दाखला चालणार नाही. दुसरी: दुकान बंद करण्याच्या मतदानात झालेल्या मतांतले बहुमत धरावे. तिसरी: मतदानाचा दिवस मजुरीचा खाडा पडणार नाही असा आणि ऊसतोडीची माणसे गावात असताना ठेवावा.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. गावी गेल्यावर करायची कामे अशी:

ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारूच्या दुकानाला किंवा बारला दिलेला ना-हरकत दाखला, तो ज्या सभेत दिला तिचे इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्या मागा. ज्यांच्या नावाने अंगठे उठले आहेत त्यांना वाचून दाखवा.

मतदार यादी आणा आणि पाराखाली बसून नाव-नाव वाचा. कपाशी उगवली की आपण तासात फिरून नांग्या मोजतो आणि वेळेवर भरतो. यादीचेही तसेच करा. वारलेल्यांची नावे कमी करायला ७ नंबरचा फॉर्म आणि कायमच्या दुसरीकडे गेलेल्यांना नाव तिकडे न्यायला ८ नंबरचा फॉर्म आहे. एक लक्षात ठेवा, पोटासाठी सहा महिने बाहेर गेलेली माणसे आपलीच आहेत. त्यांचे नाव काढायचे नाही, त्यांना मतदानाला आणायचे. वरच्या हिशेबात ९०० पैकी मेलेली आणि सासरी गेलेली ६० नावे निघाली असती तर यादी ८४० ची झाली असती, ४२१ मते पुरली असती आणि ४३० मतांत दुकान बंद झाले असते. यादी न वाचल्यामुळे लढाई हरायची नाही.

शेतकी कॉलेजात मला शिकवले होते की सापळ्यातले पतंग मोजल्याशिवाय फवारणी करू नये. चळवळीतही आधी मोजणी आणि मग घोषणा, हा क्रम बरा. आपल्या गावात यादीतली नावे किती, हजर किती आणि आडव्या बाटलीकडे किती, हे तीन आकडे कागदावर लिहून जिल्हा सभेला या.

त्या म्हातारीला मी अजून उत्तर दिलेले नाही. लायसन कोणं देल्लं, याचा कागद तिच्याच गावच्या कपाटात आहे. तो बाहेर काढायला तिच्या सुना आणि नाती आता निघाल्या आहेत. तुमच्या गावचे कपाट कोण उघडणार, ते सभेला येण्याआधी ठरवून या.